येसाजीची काडीमोड

बोर्लीच्या बाजारात अजून सांगतात, की आमच्या येसाजीनं भर पंचांपुढं बायकोला काडीमोड दिली. सांगणारे तेवढ्यावर थांबत नाहीत. कोणी म्हणतं बायको तोंडाळ होती. कोणी म्हणतं हाच बोटं तुटल्यापासून चिडका झाला होता. एक सुपारीवाला तर मला, म्हणजे येसाजीच्या सख्ख्या शेजाऱ्याला, गळ्याची शपथ घेऊन सांगत होता, की ती मोडलेली काडी येसाजीनं डबीत घालून ठेवलीय आणि त्यानं ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलीय.

मी विचारलं, "पंच कोण होते?"

तर म्हणाला, "ते मेले."

सगळं खोटं. माझ्या आणि येसाजीच्या घरांच्या मधे एक कुडाची भिंत आहे, आणि तिच्यातून मला रोज सकाळी सगुणावहिनीचा आवाज ऐकू येतो. जिला काडीमोड मिळाली ती बाई "उठतोस का पाणी ओतू" असं नवऱ्याला म्हणायला घरात राहत नाही. ही राहिली. येसाजीची काडीमोड मात्र खरी आहे. ती बायकोची नाही, शिशाची आहे, वितीपेक्षा थोडी आखूड, आणि ती समुद्रात सोडतात. तिला हे नाव कोणी ठेवलं ते पुढं येईलच. सांगायची मला हौस नाही, पण दुसऱ्या कोणी सांगितलं तर मीठमसाला लावून सांगेल, आणि मीठमसाला लावायचाच तर वाडीत तो मान माझा आहे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढं सांगतो. आमच्याकडं नवराबायकोचं पटेनासं झालं की पंच बसतात. नवरा सगळ्यांदेखत गवताची काडी मोडतो, आणि संसार संपतो. त्या घडीपासून त्या बाईनं त्या नवऱ्याच्या नावाचं कुंकू लावायचं नाही. ती काडीमोड.

आता म्हातारीविषयी. आमच्या वाडीसमोर, होडीनं अर्ध्या तासावर, पाण्याखाली खडपांचा एक पट्टा आहे. त्याला म्हातारी म्हणतात. भरतीला ती दिसत नाही, ओहोटीला तिचे दोन काळे दात वर येतात. तिच्या पोटात मासळी आहे, हेकरू आहेत, तांब आहेत, मांडीएवढ्या वामी आहेत. पण जाळं टाकलं तर चिंध्या होतात, म्हणून तिथं फक्त गळ चालतो. शिशाची मासोळी ओतायची, तिच्या पोटातून गळाचं टोक बाहेर काढायचं, दोरानं खाली सोडायची आणि वरून हातानं नाचवायची. हेकरू तिला खरी समजतो आणि तोंड टाकतो. अडचण एवढीच, की नाचता नाचता मासोळी खडपाच्या फटीत शिरते, टोक रुततं, आणि मग दोर तोडण्यावाचून गत्यंतर नाही. आमच्या वाडीनं आजवर म्हातारीला इतकं शिसं घातलंय, की कधी ती उलटली तर वर यायची नाही.

येसाजी धर्मा नाखव्याच्या होडीत गळ सोडायचा. नाखवा म्हणजे होडीचा धनी. येसाजीसारखा हात वाडीत दुसरा नव्हता. मासोळी नाचवायला लागला की वरून बघणाऱ्यालासुद्धा भूक लागायची. पन्नास साली, शिमग्याच्या आधी, म्हातारीनं गळ धरला. त्याच वेळी खालून मोठी लाट आली आणि होडी उचलली गेली. दोर येसाजीच्या उजव्या हाताला गुंडाळलेला होता. गुंडाळू नये हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि सगळे गुंडाळतात. धर्मानं कोयता घातला, पण एका श्वासाचा उशीर झाला. मधली दोन बोटं म्हातारीकडं गेली.

धर्मानं स्वतःच्या डोक्याचा रुमाल फाडून हात बांधला, स्वतः वैद्याकडं नेलं. आणि हात बरा झाल्यावर येसाजीच्या जागी रघू नावाच्या तरण्या गड्याला घेतलं. नाखव्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आठ बोटांनी होडी ओढता येत नाही, वल्हं धरता येत नाही, जाळ्याची गाठ मारता येत नाही. एका जागेवर एकच माणूस बसतो.

मग येसाजी बायकांबरोबर वाळवणावर बसू लागला. बांबूवर बोंबील टांगायचे, जवळा उलटायचा, कावळे हाकायचे. त्या पांढऱ्या वाळूत डझनभर बायका आणि मधे एक मिशीवाला. माझं चहाचं दुकान बंदराच्या वाटेवर, समोरच वाळवण. मी रोज इथून ओरडायचो, "येसाबाई, आज किती सुकवलंत?" दुकानातली माणसं हसायची. येसाजीही हसायचा. तो हसायचा म्हणून मी रोज ओरडायचो.

एकदा तो वाळवणावरून उठून दुकानात आला. धर्मा चहा पीत बसला होता. येसाजी उभाच राहिला.

"नाखवा, या साली म्हातारीवर किती गळ गेले?"

"मोजायचं सोडून दिलंय."

"न अडकणारा गळ मी करून दिला तर?"

धर्मा हसला. "तर तुला परत नाळीवर बसवतो. गळ तू सोडायचास. ओढायला रघू हाय."

नाळ म्हणजे होडीचं पुढचं टोक. तिथं बसून येसाजीनं वीस वर्षं काढली होती.

"सगळ्यांदेखत बोललास," येसाजी म्हणाला.

"दत्तूच्या दुकानात बोललो म्हंजे दवंडीच पिटली," धर्मा म्हणाला. दत्तू म्हणजे मी.

त्या दिवसापासून येसाजीच्या परसात धूर निघायला लागला. फाटक्या जाळ्यांच्या कडेचं शिसं गोळा करून तो नारळाच्या करवंट्यांच्या निखाऱ्यावर वितळवायचा. साचा म्हणून समुद्रफेस. म्हाकुळाच्या पाठीतलं ते पांढरं हाड किनाऱ्यावर वाहून येतं, नखानंसुद्धा कोरलं जातं आणि तापलेल्या शिशानं जळत नाही. लाकडाची मासोळी कोरून ती दोन फेसांच्या मधे दाबायची, खड्डा पडला की त्यात शिसं ओतायचं. समुद्रफेसाला मुळात बारीक नागमोडी रेघा असतात. त्या मासोळीच्या पोटावर उमटायच्या आणि खवल्यांसारख्या दिसायच्या. येसाजी त्या पुसायचा नाही.

पहिल्या साली त्यानं गळाच्या टोकापुढं बारीक तारेची आडकाठी बसवली. खडपाला टोक लागेना, हे खरं. पण माशालाही लागेना. मी म्हणालो, "येसा, तुझा गळ सोवळ्यात हाय. कोणालाच शिवत न्हाय."

मग त्यानं मऊ तारेचा गळ केला. अडकला की जोर लावायचा, गळ सरळ होऊन सुटायचा. म्हातारीनं सोडला. हेकरूनंही तोच जोर लावला आणि गळ सरळ करून तो घरी गेला. त्याचं नाव मी दयाळू गळ ठेवलं.

मग त्यानं शिशाचा भार पोटाशी घेतला, म्हणजे मासोळी खडपावर पोटानं घसरेल आणि टोक वर आभाळाकडं राहील. हे बरं जमलं. सपाट खडपावर ती सरपटत निघून यायची. पण म्हातारीच्या अंगावर सपाट जागा किती? ती फटींनी आणि बिळांनी भरलेली. वर तोंड केलेलं टोक वरच्या कपारीत रुतायचं. पाचांतल्या दोन तरी जायच्या. धर्मा म्हणाला, "पाचातल्या दोन तर रघू पण घालवतो."

या सगळ्यात दोन-तीन वर्षं गेली. येसाजी सकाळी वाळवणावर, दुपारी परसात. सगुणावहिनी मासळीची पाटी घेऊन बोर्लीला जायची आणि घर चालवायची. कुडाच्या भिंतीतून भांडणं ऐकू यायची, पण ती गळावरून नसायची. गळाबद्दल ती एक शब्द बोलायची नाही. तिला ठाऊक होतं तो कशासाठी करतोय ते.

खरी युक्ती त्याला नांगरानं शिकवली. खडपाच्या जागी नांगर टाकायचा असेल तर आमचे लोक दोर नांगराच्या डोक्याला बांधत नाहीत. तो बुडाशी बांधतात, दांड्यावरून वर आणतात आणि डोक्याशी फक्त सुंभाचा एक बारीक फेरा देतात. नांगर अडकला आणि जोर लावला, की सुंभ तुटतं, ओढ बुडाकडून बसते, आणि नांगर आला तसा उलटा निघून येतो. हे वाडीत सगळ्यांना ठाऊक, आजोबा-पणजोबांपासून. पण जे नांगराला लागू ते गळालाही लागू, हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. गळ लहान, त्याचा विचार कोण करतो.

येसाजीनं दोर मासोळीच्या शेपटीशी बांधला, पोटावरून वर आणला आणि डोक्याशी सुताचा फेरा दिला. जमलं. पण दर वेळी सूत तुटलं की नवीन गाठ मारायची, आणि ती त्याला मारता येईना. आठ बोटांतली बारीक गाठ दर खेपेला सुटायची. एकदा त्यानं मासोळी भिरकावून दिली ती माझ्या परसातल्या अळवात. मी ती परत द्यायला गेलो तर तो आपल्या हाताकडं बघत बसला होता. म्हणाला, "दत्तू, गाठीला दहा बोटं लागतात. तीन बोटांत काय होतं?"

मी म्हणालो, "तीन बोटांत विडी धरता येते." आणि विडी पुढं केली.

त्यानं विडी घेतली नाही. काडी घेतली. काडेपेटीतली काडी तीन बोटांत धरून बराच वेळ फिरवत राहिला.

मासोळीच्या डोक्याला आरपार भोक. दोर दुमडून त्याची एक अढी त्या भोकाशी आणायची आणि तिच्यातून आडवी काडी सरकवायची. गाठ नाही, काही नाही. जोर लागला की काडी मोडते, अढी सुटते, ओढ शेपटीकडून बसते, टोक आलं त्या वाटेनं बाहेर येतं. वर घ्यायची, नवी काडी सरकवायची, परत सोडायची. तीन बोटांचं काम.

काडेपेटीची काडी पाण्यात भिजून मऊ झाली. बांबूची मोडेना. मग माडाच्या झापाचा हीर. त्यासाठी सगुणावहिनीच्या नव्या झाडूचं टक्कल झालं. हीरही पाण्यात चामड्यासारखा वाकायचा, मोडायचा नाही. शेवटी येसाजीनं होडीला लावतात ते उंडीचं तेल घेतलं, त्यात हीर आठवडाभर बुडवून ठेवले आणि उन्हात कडक केले. आता ते पाणी पीत नव्हते. मोडताना कट् वाजायचे, आणि तो कट् पाच-सहा पुरुष खोल पाण्यातून दोरातून बोटाला कळायचा.

पण मोठ्या माशानंच काडी मोडली तर? मी विचारलं, म्हणजे कुजकेपणानंच विचारलं.

"मासा वडतो, सोडतो, परत वडतो," येसाजी म्हणाला. "हात ढिला दिला की तो पळायला बघतो. खडप वडत न्हाय, नुसतं धरून बसतं. ज्याला हात ढिला देता येतो त्याची काडी मासा मोडत न्हाय."

चोपन्न सालच्या वैशाखात आम्ही दोघं लहान होडीतून म्हातारीवर गेलो. मी का गेलो? दुसरं कोणी येईना, आणि फजिती झाली तर ती पहिल्यांदा सांगायचा मान मला हवा होता. त्यानं दोर माझ्या हातात दिला. मी चहावाला, मला मासोळी नाचवता येत नाही, मी ती नुसती म्हातारीच्या बोडक्यावर आपटत होतो. म्हणजे सारखी अडकत होती. अडकायची, मी ओढायचो, कट्, आणि ती वर यायची. सकाळभरात एकही गेली नाही. मग येसाजीनं दोर घेतला. थोड्याच वेळात त्याचं तोंड बदललं, हात ढिला पडला, परत ताठ झाला, परत ढिला. हेकरू वर आला तो माझ्या पिंढरीएवढा. काडी शाबूत होती. येसाजी हेकरूकडं बघत नव्हता. काडी भोकातून काढून उन्हाकडं धरून बघत होता.

धर्मानं हेकरू पाहिला, मासोळी पाहिली, स्वतः काडी मोडून पाहिली. म्हणाला, "आता होड्या वर काढायच्या दिवसांत काय. नारळी पुनवेला नारळ सोडला, की नाळीवर तू."

दुपारी माझं दुकान भरलं. मासोळी हातोहात फिरत होती. कोणीतरी विचारलं, "येसादादा, हिचं नाव काय?"

येसाजी जरा लाजला. म्हणाला, "सुटका म्हणायचं मनात हाय."

आता मी गप्प बसायला हवं होतं. दुकान भरलेलं, सगळे माझ्याकडं बघतायत, आणि काडी समोर.

"सुटका कसली?" मी म्हणालो. "काडी मोडायची आणि दोघांनी आपापल्या वाटेनं जायचं. ही तर काडीमोड."

सगळं दुकान हसून लोळलं. रघूच्या नाकातून चहा आला. धर्मा हसला, येसाजीही हसला. मी ते आणखी फुलवलं. म्हातारीचा आणि मासोळीचा संसार रंगवला, पंच बसवले, खेकड्याला पाटील केलं. त्या दुपारएवढं मी कधी कोणाला हसवलं नाही.

मग पाऊस लागला. होड्या वर, माणसं घरात. रिकामटेकड्या वाडीत शब्दाला फार बरकत येते. ज्येष्ठ संपेपर्यंत सुटका हे नाव कोणाला आठवत नव्हतं, आणि श्रावणापर्यंत काडीमोड शेजारच्या तीन गावांत पोचली होती.

नारळी पुनवेला आमच्याकडं घरची बाई होडीची पूजा करते. नाळीला हळदकुंकू, मग सुपात ठेवलेलं जाळं, दोर, गळ, प्रत्येकाला कुंकवाचं बोट. ज्याला बोट लागलं ते होडीत चढतं. धर्माची बायको केसर सूप घेऊन उभी होती. येसाजी धुतलेला सदरा घालून, डोक्याला नवा लाल रुमाल बांधून आला होता. साडेचार वर्षांनी तो त्या होडीजवळ उभा होता. त्यानं सहा मासोळ्या सुपात ठेवल्या.

केसरचं बोट थांबलं. "हे काय?"

रघू म्हणाला, अगदी साधेपणानं, "येसादादाची काडीमोड, वहिनी."

केसरनं हात मागं घेतला. "माझा नवरा या होडीत बसून जाणार. त्याच्या होडीतल्या काडीमोडीला मी माझ्या हातानं कुंकू लावू?"

"अगं, नुसतं नाव हाय," धर्मा म्हणाला.

"नाव नुसतं, तर मग कुंकू पण नुसतंच हाय की."

मागच्या बायकांनी माना डोलावल्या. येसाजी पुढं झाला. "केसरवहिनी, तिचं नाव सुटका हाय."

"मग काडीमोड कोण म्हणालं?"

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "मी गमतीनं म्हणालो."

"चार माणसांदेखत म्हणालात ना, दत्तूभावजी? मग झालं. काडीमोड तशीच होते."

तिचं चुकलं असंही मी म्हणणार नाही. नवरा समुद्रावर, बाई किनाऱ्यावर. मधे त्या कुंकवाशिवाय तिच्या हातात दुसरं काय असतं? धर्मानं एकदा केसरकडं, एकदा येसाजीकडं पाहिलं. मग त्यानं सुपातल्या मासोळ्या उचलून येसाजीच्या हातात दिल्या आणि हळू म्हणाला, "पुढच्या साली बघू. बायका विसरतील." रघू नाळीवर चढून बसला. होड्या पाण्यात गेल्या. येसाजी त्या नजरेआड होईपर्यंत उभा होता, आणि मग रुमाल सोडून वाळवणाकडं गेला.

माझा शब्द मलाच परत घेता येईना. दुसऱ्या दिवशी मी दुकानात जाहीर केलं, की जो काडीमोड म्हणेल त्याला चहा नाही. तर लोक येऊन म्हणायचे, "दत्तूशेठ, एक चहा, आणि जिचं नाव घ्यायचं न्हाय ती बरी हाय ना?" मी दारोदार सुटका सुटका सांगत फिरलो. "कोणाची सुटका?" "अरे, त्या गळाची." "हां, काडीमोडीची." मी जितका पुसत होतो तितकं ते ठळक होत होतं. आयुष्यभर विनोद केले, सगळे दुसऱ्या दिवशी शिळे झाले. हाच तेवढा टिकला.

दिवाळीनंतर तीन परके पुरुष आगबोटीनं श्रीवर्धनला उतरून चालत आमच्या वाडीत आले. पहिल्यांदा माझ्या दुकानात टेकले. त्यातला एक सगुणावहिनीचा भाऊ दादू, उरणकडचा कोळी. बरोबर त्याच्या वाडीतले दोन वडीलधारे.

"येसाजीचं घर कुठलं? बहिणीला न्यायला आलोय," दादू म्हणाला. तोंड रागानं काळंठिक्कर.

काय झालंय ते मला त्याच क्षणी कळलं. अफवा बोर्लीहून उरणला पोचली होती. मी तिथंच सांगायला हवं होतं, की भल्या माणसा, काडी गळाची मोडली. नाही सांगितलं. मी म्हणालो, "चला, दाखवतो," आणि दुकान टाकून मागं मागं गेलो. पुढं काय होतं ते मला बघायचं होतं. माझ्यातली ही खोड मला ठाऊक आहे. ठाऊक असून ती जात नाही.

सगुणावहिनी ओट्यावर मासळी साफ करत होती. "दादा? कोण गेलं?"

"कोण न्हाय गेलं. तू चल. पंच घेऊन आलोय. काडीमोड दिली ना तुला? आमाला निरोप धाडायची पण लाज वाटली तुमाला?"

ती हसली. कोयती खाली ठेवून पोट धरून हसली. मग तिनं दारात उभ्या येसाजीकडं पाहिलं आणि तिचं हसू मधेच तुटलं. येसाजीचं तोंड मी आजवर तसं पाहिलेलं नाही, आणि बघण्यासाठीच तर मी आलो होतो. मी खाली बघायला लागलो.

येसाजी आत गेला आणि मासोळी घेऊन आला. "ही काडीमोड, दादू. बस. पाणी पी."

दादूला समजायला वेळ लागला नाही, तो कोळी होता. त्यानं काडी सरकवली, ओढली, कट्. परत सरकवली. राग कधीच गेला होता. दोघे वडीलधारेही वाकून बघायला लागले. काडीमोड म्हटल्यावर पहिल्यांदाच कोणी हसत नव्हतं.

"येसाभावजी, ही एक नेऊ का? आमच्याकडं पण खडपं हायत."

"दोन ने."

"नाव काय सांगू?"

"नाव सांगूच नको," येसाजी म्हणाला.

पुढच्या साली बायका विसरल्या नाहीत, त्याच्या पुढच्या सालीही नाहीत. धर्मानं तिसऱ्या साली विषय काढला नाही. येसाजीनं परसातली चूल मोडली.

एकसष्ट साली बोर्लीच्या बाजारात एक फिरता विक्रेता नवा गळ घेऊन आला. लोक त्याला उरणी म्हणत होते. म्हणे उरणकडं सगळ्या होड्यांत हाच, खडपात अडकत नाही. धर्माची होडी तोवर मशीनची झाली होती. त्यानं डझनभर उरणी आणल्या. नारळी पुनवेला केसरनं सुपातल्या प्रत्येक उरणीला कुंकवाचं बोट लावलं. मी जवळ जाऊन एक उचलली. डोक्याला भोक, शेपटीशी दोर, भोकात काडी. साचा आता लोखंडी असावा, पण तो मूळ मासोळीवरूनच उठवलेला: पोटावर समुद्रफेसाच्या त्या नागमोडी रेघा तशाच होत्या. लोखंडाला अशा रेघा पडत नाहीत. मी ती सुपात परत ठेवली. येसाजी वाळवणावर बोंबील टांगत होता, पाठमोरा.

महिन्याभरात धर्माची माणसं दुकानात बसून उरणीला शिव्या द्यायला लागली. उरणकडच्यांनी युक्ती घेतली होती, काडी घेतली नव्हती. ते साध्या बांबूच्या काड्या देत होते. जाड काडी मोडायची नाही, बारीक काडी भिजून मासा असतानाच जायची. म्हातारीनं परत गळ खायला सुरुवात केली.

मला वाटलं, आता वेळ आली. सात वर्षं जे मनात डाचत होतं ते एका फटक्यात फेडता येईल. मी तडक येसाजीच्या परसात गेलो. तो सावलीत बसून हीर तासत होता. शेजारी उंडीच्या तेलाची बरणी.

मी म्हणालो, "येसा, ऊठ. धर्माकडं चल. उरणी कोणाची ते मी सांगतो, दुकानात, सगळ्यांदेखत. पोटावरच्या रेघा दाखवतो. काडीचं गुपित तुझ्याशिवाय कोणाकडं न्हाय. त्याला नाळीवर जागा द्यावीच लागेल, आता तर केसरनं कुंकू पण लावलंय."

तो तासत राहिला. मी आणखी बराच वेळ बोललो. लोकांना कसं पटवीन, काय काय सांगीन. सगुणावहिनी मधेच आली, तासलेल्या काड्यांची जुडी पदराखाली घेतली आणि केसरच्या घराच्या दिशेनं गेली. ही काही पहिलीच जुडी नसावी.

मी म्हणालो, "कोणाच्या काड्या ते सगुणावहिनी केसरला सांगते तरी का?"

येसाजीनं मान वर केली.

"न्हाय सांगत. बोर्लीच्या बाजारातल्या म्हणते," तो म्हणाला. "तू पण सांगू नको, दत्तू. तुझ्या तोंडात गेलं का त्याचं नाव बदलतं."